तिच्या तळहाताचा लाल रंग

खटपटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, गल्लीनं ठेवलेलं नाव. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा हा माणूस बिघडलेल्या वस्तूच्या हात धुवून मागे लागायचा. पण त्या हिवाळ्यात बायको अंथरुणाला खिळली आणि सारखं म्हणू लागली, "अहो, गार लागतंय." मग दुकान गेलं खड्ड्यात.

हीटर तर चालू, मग ऊब जाते कुठे? ती दाखवणारा कॅमेरा ऐपतीबाहेरचा. यांनी स्वस्तातला सेन्सर, जुना मोबाइल आणि मोडक्या प्रिंटरची मोटर जोडून डबा बनवला. तो भिंतीवर फिरवला की पडद्यावर ऊबदार भाग लाल दिसे, गार निळा. लाल म्हणजे किती ऊब, ते मात्र डब्याला दरवेळी आधी दाखवावं लागे. खटपटे बायकोचा तळहात दाखवत. घरात त्याहून भरवशाचं काय होतं?

"हाताचे फोटो झाले असतील तर पांघरूण द्या," ती म्हणायची.

खिडकीची चौकट निळी दिसली, तिथल्या फटीत त्यांनी लांबी भरली. दाराखाली रबराची पट्टी ठोकली. हळूहळू निळं कमी होत गेलं, स्वारी खुशीत. तिचं आपलं तेच, गार लागतंय. "मनाचे खेळ आहेत तुझ्या," एकदा ते वैतागून म्हणाले. कमाल आहे, यंत्रावर विश्वास आणि बायकोवर नाही.

मेव्हणी भेटायला आली, ती शाल न काढताच बसली. "भाऊजी, खोली केवढी गारठलीय." त्यांनी ऐटीत डबा काढला. या खेपेला मेव्हणीनं हौसेनं स्वतःचा हात दाखवला. भिंत निळीशार आली. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. मग त्यांनी डबा पलंगाकडे वळवला. बायकोचे हातही निळे.

खटपट्यांना आता उलगडा झाला. भिंती फारशा सुधारल्याच नव्हत्या. तिचे हात गार पडत गेले होते, आणि त्या हातांशी ताडून पाहिल्यावर भिंत कमी गार दिसणारच.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. आधी बोलावलं असतं तर, असं काहीतरी ते पुटपुटले. आता हातात फार दिवस नव्हते.

खटपटे तिचे हात चोळत बसले. "अजून गार लागतंय?"

"नाही हो, आता बरंय," ती म्हणाली.

इतके दिवस खरं सांगत होती, तेव्हा त्यांनी ऐकलं नाही. आता ती त्यांच्यासाठी खोटं बोलली, आणि तो माणूस ढसाढसा रडला.