कालव्यातला नारळ

"हळू चाल. खाली माणूस हाय."

हे वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हाताऱ्याची काठी पोटरीवर बसलेली असे. तुमच्यापैकी कुणी त्या वर्षांत महाडच्या जुन्या कालव्यात पानाची पिंक टाकली असेल, तर ती काठी तुम्हालाही ठाऊक असणार.

म्हातारा पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला. मी महाडला जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून. तो जुने नकाशे बघायला यायचा आणि माझं टेबल बडवत मलाच इतिहास शिकवायचा. इंग्रजांच्या काळात हा कालवा खणला. भरतीला खाडीतले पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, थेट पेठेपर्यंत यायचे. मीठ, खजूर उतरायचा आणि आंबेनळी घाटाच्या वाटेने बैलांवर आलेला हिरडा चढायचा. खणताना एकदा काठ कोसळला, त्यात इतर मजुरांबरोबर त्याचा पणजोबा गाडला गेला. व्यापार खोळंबू नये म्हणून मुकादमाने मढी न काढताच पाणी सोडलं.

"त्याला आग नाय मिळाली, सायब," तो म्हणे. "म्हून नारळ."

नारळी पौर्णिमेला सगळं गाव नदीवर नारळ वाहायचं, हा मात्र त्या कोरड्या, घाणेरड्या चरात. एका वर्षी एका रिक्षावाल्याने तो नारळ उचलून खाल्ला. म्हाताऱ्याने त्याचा दात पाडला आणि मग वाटभर शिव्या घालत स्वतःच त्याला दवाखान्यात नेलं.

पुढे कालवा बुजवून गाळे बांधायचं ठरलं.

"सायब, जुना नकाशा दाव. त्यात कालवा हाय."

होता. निळ्या शाईत, स्वच्छ. पण ठेकेदार माझ्या घरी येऊन बसला, माझ्या दोन्ही मुलींची नावं विचारून गेला. मी घाबरलो आणि मोजणीच्या कागदावर कालव्याच्या जागी 'पडीक' लिहून मोकळा झालो.

जेसीबी आला त्या सकाळी म्हातारा काठावरची पडाव बांधायची लोखंडी कडी धरून बसला होता. ठेकेदाराच्या माणसांनी पहारीने त्याची बोटं ठेचली. तरी सोडेना, तेव्हा मनगट मोडलं. मी समोरच्या हॉटेलात चहाचा ग्लास धरून उभा. रक्ताळलेला हात छातीशी धरून तो ओरडला, "सायब, सांग रं यांना!"

मी चहाचे पैसे देऊन कचेरीकडे निघालो.

दोन महिन्यांनी तो वाडीवरच वारला. त्याला आग मिळाली, एवढंच.

पुढच्या नारळी पौर्णिमेला मी नारळ घेऊन गेलो. गाळ्यांपुढच्या काँक्रीटवर तो कुठे ठेवावा, कळेना. तेवढ्यात एका दुकानदाराने दारातूनच पानाची पिचकारी मारली. माझी छत्री त्याच्या पोटरीवर कधी बसली, मला समजलंच नाही. त्याने माझी कॉलर धरली.

"वेड लागलं काय?"

"खाली माणूस हाय," मी म्हणालो.