फादर, दोन्ही कसं खरं?

आमच्या बायबल सर्कलमुळे माझं धर्मज्ञान किती वाढलं, ते फादरनाच विचारा. किस्से मात्र भरपूर जमले! चार माणसं एकत्र वाचायला बसली, की कुणाला तरी एका पानाचं दुसऱ्या पानाशी भांडण दिसतंच. आणि भांडण दिसल्यावर गप्प कोण बसतो?

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही होळी नावाच्या आमच्या बाजारपेठेत, फिलूमावशीच्या ओटीवर जमतो. मावशी बाजारात भाजी विकते. तिचा मुलगा ग्लेन सातिवलीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. बस्त्यावकाका शेजारच्या वाडीतून सायकलवर येतात. मी रिटायर्ड शिक्षिका. आणि आम्हा सगळ्यांना सांभाळणारे आमचे तरुण फादर.

*

एकदा विषय निघाला प्रभूच्या रिकाम्या कबरीचा. एका शुभवर्तमानात तिथे एक देवदूत, दुसऱ्यात दोन.

"नक्की किती?" काकांनी विचारलं.

फादरनी खूप छान समजावलं. साक्षीदार, परंपरा, लिहिणाऱ्याचा दृष्टिकोन, सगळं.

फिलूमावशी म्हणाली, "दोनच असतील हो! एक बोलला असेल, दुसरा गप्प. आमच्याकडे पाहुणे येतात ना, त्यातला बोलणाराच लक्षात राहतो!"

फादर म्हणाले, "मी हेच सांगत होतो, मावशी. जरा लांबवून!"

*

एका गुरुवारी ग्लेनची वाचायची पाळी होती. आईबापाचा मान राख, ही आज्ञा आम्ही आदल्याच आठवड्यात वाचली होती. आता समोर आलं, की जो आपल्या आईबापाचा द्वेष करत नाही, तो माझा शिष्य होऊ शकत नाही.

ग्लेन अडखळला. शेजारीच आई!

मावशी म्हणाली, "वाच की! घरी माझ्यावर ओरडतोस, आज तुला आधार पण मिळाला!"

आम्ही हसून हसून बेजार. ग्लेन मात्र हसला नाही. फादर अर्थ सांगत होते, की देवापुढे बाकी सगळं दुय्यम, एवढंच म्हणायचंय. ग्लेनचं तिकडे लक्षच नव्हतं. तो हळूच म्हणाला, "मम्मी, मी खरंच इतका ओरडतो?"

मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, गंमत केली रे. पुढचं वाच."

*

मावशीचा पाय मोडला तेव्हा रोज सकाळी तिच्या दारात कुणीतरी ताजी भाजी ठेवून जायचं. त्याच दिवसांत आमचा वाद रंगला. एकीकडे म्हटलंय, तुमचा उजेड लोकांना दिसू द्या. दुसरीकडे, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका.

"चांगलं काम लपवूनच करावं!" बस्त्यावकाकांनी ठासून सांगितलं.

"मग काका," प्लास्टरमधला पाय सावरत मावशी म्हणाली, "माझ्या दारात माठाची जुडी ठेवल्यावर सायकलची घंटी कशाला वाजवता?"

काका लाजून लाल! "अगं, उन्हात सुकते ना ती!"

*

मग काकांची बायको, मोनाबाय, खूप आजारी पडली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. काका तिला सोडून हलेनात, म्हणून आम्हीच त्यांच्या घरी, तिच्या खाटेभोवती बसायला लागलो. तिला ऐकू फार कमी यायचं.

त्या दिवशी काकांनी स्वतःच पान उघडलं.

"फादर, देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये, हे आमच्या लग्नात वाचलं होतं. आणि इथे लिहिलंय, मेलेले उठतील तेव्हा कुणी लग्न करणार नाय. मग वर गेल्यावर ही माझी कोण?"

फादर पुढची-मागची पानं चाळायला लागले.

"काय म्हणतात फादर?" मोनाबायने विचारलं.

काका तिच्या कानाशी वाकले. "फादर काय नाय म्हणत. पुस्तकात लिहिलंय, वर गेल्यावर आपलं लग्न नाय राहायचं!"

मोनाबायने जरा विचार केला. मग त्यांचा हात हातात घेतला.

"बरं. मग तिथे परत मागणी घाला. पण या वेळी माझ्या बापाला नको, मला विचारा!"