भाग न जाणारा नंबर

आमचे तात्याकाका फौजेतून निवृत्त झाले आणि शहराबाहेर राऊ गावात घर बांधून राहिले. माणूस साधा, पण एका बाबतीत त्यांचा तोरा काही औरच. कुणीही भेटलं की चहा अर्धा व्हायच्या आत सुरू, "माझा फौजी नंबर ४५३६८९९. मूळ संख्या आहे! एक आणि तो स्वतः सोडला तर कशानेच भाग जात नाही. आमच्या मॅडमनी तपासलाय."

मॅडम म्हणजे मंजुळाकाकी, शाळेत गणित शिकवायच्या. लग्न ठरलं तेव्हा काका सीमेवर, आणि काकींच्या हाती पत्त्यातला हा नंबर तेवढा. दुसरी मुलगी फोटो बघत बसली असती. काकींनी भागाकार मांडले. दोन, तीन, पाच, सात करत एकेका मूळ संख्येने भागत त्या २११३ पर्यंत पोचल्या. दर वेळी बाकी उरली. तेवढ्यात लग्नाची तारीख आली आणि काकींनी निकाल देऊन टाकला. काकांनी तो अख्ख्या पलटणीत मिरवला. लहानपणी आम्ही ही टेप ऐकून वैतागायचो. आता ती वाजत नाही तर घर खायला उठतं, खरं सांगतो.

काका जाऊन वर्ष होत आलं. काकींनी फाटकावर संगमरवरी पाटी लावायचं ठरवलं: नाव, नंबर आणि खाली 'मूळ संख्या'. राजवाड्यामागच्या दुकानात कारागिराने नाव कोरलं, नंबर कोरला आणि हात थांबवून मला विचारलं, "भिया, ये मूळ संख्या क्या होती है?" त्याला नीट सांगावं म्हणून मी नंबर मोबाइलमध्ये टाकला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: २१२९ गुणिले २१३१. दोन्ही जोडमूळ संख्या, मधे एकच आकडा.

२११३ नंतरची मूळ संख्या थेट २१२९, म्हणजे काकींचा शेवटचा एकच भागाकार राहिला होता! आता खोटं दगडावर कोरून घ्यायचं, की या वयात काकींचं मन मोडायचं? "रुको जरा," म्हणालो आणि तडक राऊ गाठलं.

काकी मेथी निवडत होत्या. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मला मालूम आहे, बुद्धरत्न. लग्नानंतर पोरांना शिकवता शिकवता राहिलेला भागाकार केला. सीधा गेला."

"मग काकांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? हे तेव्हा वरती बर्फात ड्यूटीवर. चिठ्ठी आली, 'इथे रोज कुणी ना कुणी जातंय. पण तू फिकर करू नकोस, माझ्या नंबराला भाग जात नाही.' त्याच भरोशावर बसलेला माणूस रे. त्याला काय लिहू, की जातो म्हणून?"

"आणि परत आल्यावर?"

"सांगणारच होते. पण दारात बूटसुद्धा काढले नाहीत, आणि म्हणाले, 'बघ, बोललो होतो ना!'"

काकींचे डोळे भरून आले. मी त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"दुकानवाल्याला फोन लाव. म्हणावं, 'मूळ संख्या' लिहून टाक. पाटी ह्यांची आहे. माझी असती तर खोडलं असतं."