शनिवारची ओहोटी

मुलीला शाळेतून काढलं तेव्हा खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. पुण्याला फोनवर म्हणालो, इथे परीक्षांचं ओझं फार आहे, जरा मोकळं ठेवतोय. जुन्या ऑफिसातल्या मित्रांना म्हणालो, लेकीबरोबर वेळ घालवायचाय. खरं कारण असं होतं की नऊ वर्षांची माझी मुलगी घराबाहेर एक शब्द बोलत नव्हती. वर्गात नाही, बसमध्ये नाही, खालच्या दुकानात ब्रेड मागायलासुद्धा नाही. तिच्या वर्गशिक्षिका भल्या बाई होत्या, त्यांनी करता येईल ते सगळं केलं. डॉक्टर म्हणाले, कान, घसा, बुद्धी सगळं उत्तम आहे, फक्त घाई करू नका. पण हळूहळू घरातलंही तिचं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'नंतर' एवढ्यावर आलं, तेव्हा आम्ही दोघंही घाबरलो.

आम्ही इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी पण नागरिक नव्हे, त्यामुळे मुलीला घरी शिकवायला सरकारची परवानगी लागली नाही. परवानगी लागली ती बायकोची. ती बँकेत रिस्कचं काम बघते आणि घरातही तेच बघते. तिने एका लहानशा शाळेत जागेची चौकशी करून ठेवली होती. ऑगस्ट संपायच्या आत त्यांना कळवायचं होतं.

"तोपर्यंत ती बाहेरच्या एका तरी माणसाशी नीट बोलायला लागली पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर शाळा. मग तू मला लेक्चर द्यायचं नाहीस."

मी कबूल झालो. मला तेव्हा वेळच वेळ होता. आंग मो किओमधल्या आमच्या कंपनीने माझी अख्खी टीम बंद केली होती. अकरा वर्षं मी डिलिव्हरी मॅनेजर होतो. डिलिव्हरी मॅनेजर म्हणजे जो स्वतः काही करत नाही, पण सगळं कधी होणार हे मात्र छातीठोकपणे सांगतो.

साहजिकच घरची शाळाही मी तशीच चालवली. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी भिंतीवर बोर्ड लावला, त्यावर पिवळ्या, निळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रोज सकाळी नऊला आमची उभ्याने मीटिंग व्हायची. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जमिनीकडे बघणारी माझी मुलगी. तिसऱ्या प्रश्नाला ती मान वर करून माझ्याकडे नुसतं बघायची. एकदा बायको डबा घेऊन कामाला निघाली होती, ती दारातच थांबली.

"अरे, अडचण तिच्यासमोर उभी आहे," ती म्हणाली. "सांगणार कशी ती?"

मला राग आला. खरं बोललेलं मला सकाळी सकाळी सहन होत नाही.

इथे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा एक गट आहे. आमच्या गटाची सूत्रं एका चिनी बाईंकडे होती. चार मुलं, चौघंही घरीच शिकलेली, आणि तिचं स्वतःचं बोलणं इतकं थोडक्यात की तिला निरोप पाठवायला विरामचिन्हंही लागत नसत. सगळी मुलं तिला आंटी म्हणायची, मग मीही तेच म्हणायला लागलो. तिने प्रत्येक कुटुंबाला एकेक विषय वाटून दिला. मी हात वर करून समुद्र घेतला. कोकणातल्या माणसाने घेतला असता तर गोष्ट वेगळी. मी पुण्याचा, माझा समुद्राशी संबंध भेळेपुरता.

जूनमधल्या एका शनिवारी साडेसातला आम्ही सगळे ईस्ट कोस्टला जमलो आणि नशिबाने समुद्र लांबवर मागे गेलेला होता. ओल्या वाळूत खेकडे, शंख, एक तारामासासुद्धा. मुलं वेडी झाली. माझी मुलगी एका खेकड्याच्या बिळासमोर तासभर उकिडवी बसून होती. आंटीने मला अंगठा दाखवला. मी घरी आलो तो हवेत तरंगतच, आणि लॅपटॉप उघडून सगळ्यांना कॅलेंडरचं निमंत्रण पाठवून दिलं: बीच सायन्स, दर शनिवारी सकाळी साडेसात, डिसेंबरपर्यंत.

मी समुद्राची आठवडी मीटिंग लावली होती. आणि गंमत म्हणजे पाचही कुटुंबांनी ती स्वीकारली. कॅलेंडरमध्ये आलेल्या गोष्टीवर माणसं शंका घेत नाहीत.

पुढच्या शनिवारी पाच कुटुंबं, चौदा मुलं, बादल्या, भिंगं, आणि पाणी थेट दगडी बांधाला लागलेलं. वाळूचा पत्ताच नाही. मी उगाच घड्याळ बघितलं, फोन बघितला, आकाशाकडेही बघितलं. आंटी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"युअर सी टुडे नॉट फ्री, इज इट?" ती म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, पण कान लाल झालेले मला कळत होते. परतीच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तेव्हा माझ्या कानाशी कुणीतरी बोललं, इतकं हळू की आधी मला भासच वाटला.

"बाबा, लास्ट वीक पाणी खाली होतं. आज वर आहे. का?"

माझी मुलगी भर गाडीत, माणसांमध्ये, पूर्ण वाक्य बोलली होती. मी इतका हरखलो की उत्तर द्यायचं सोडून मी घाईघाईने फोन काढला. भरती-ओहोटीच्या वेळा तिथे दोन मिनिटांत सापडल्या, त्या मला आठवड्यापूर्वीही सापडल्या असत्या. मी स्क्रीन तिच्यासमोर धरली. तिने त्यावर सपकन तळहात ठेवला.

"डोन्ट टेल मी लाह," ती म्हणाली. "मी शोधणार."

त्यानंतर आमची शाळा समुद्रावर भरायला लागली. बोर्डावरच्या चिठ्ठ्या एकेक करून गळून पडल्या, मी उचलल्या नाहीत. आठवड्यातून चार दिवस आम्ही एमआरटीने बेटाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचो. बांधाला एके ठिकाणी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. ती वहीत वेळ लिहायची आणि कोरड्या पायऱ्या मोजायची. दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजायची. मधल्या वेळात मी छत्री धरायचो आणि नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट खायचो. गप्प बसणं हा माझा प्रांत नाही. दोनदा मी चंद्र, पृथ्वी, गुरुत्वाकर्षण असं सुरू करून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं, "नंतर."

जुलैच्या शेवटी एका दुपारी ती स्वयंपाकघरात खुर्चीवर चढलेली दिसली. तिथे आमचं मराठी कॅलेंडर टांगलेलं असतं, दरवर्षी पुण्याहून कुणी ना कुणी आणतं. आमच्या घरात त्याचा उपयोग संकष्टी आणि सण बघण्यापुरता. मुलीने त्यावर पेन्सिलीने आम्ही समुद्रावर गेलो त्या प्रत्येक तारखेखाली आकडे लिहून काढले होते. सगळ्यात जास्त किती पायऱ्या उघड्या पडल्या, त्याचे.

"बाबा, इकडे ये," ती म्हणाली. "काळा गोल, मोठा नंबर. पांढरा गोल, मोठा नंबर. मध्ये सगळे लहान."

काळा गोल म्हणजे अमावास्या, पांढरा म्हणजे पौर्णिमा. ते कॅलेंडर जन्मापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यात समुद्र आहे हे मला माहीत नव्हतं. एका शनिवारी पाणी मागे आणि पुढच्या शनिवारी बांधापर्यंत का, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. पंधरवड्याचा फेरा होता तो. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चूक शोधायला लागलो.

"पण हे बघ," मी म्हणालो, "सगळ्यात मोठा आकडा अमावास्येला नाही, त्यानंतर आहे. तू मोजताना चुकलीस."

"नॉट राँग. टू डेज आफ्टर."

"असं कसं असेल? अमावास्येलाच असणार."

तिने वाद घातला नाही. पुढची पौर्णिमा आली तेव्हा मला पायऱ्यांवर घेऊन गेली आणि मलाच मोजायला लावलं. दोन दिवसांनी परत नेलं, परत मोजायला लावलं. दोन पायऱ्या जास्त कोरड्या होत्या. मी सॉरी म्हणालो. मॅनेजर असताना अकरा वर्षांत हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता, पण तिथे पायरीवर बसून तो सहज निघाला. रात्रीच्या जेवणाला बायकोला सगळं सांगितलं. ती कौतुकाने ऐकत होती, मग भाताचं पातेलं पुढे सरकवून म्हणाली, "पण हे सगळं ती तुझ्याशी बोलते. ऑगस्ट आलाय."

ते खरं होतं. आंटीसमोर, आंटीच्या मुलांसमोर तिचं तोंड अजून मिटलेलंच होतं.

ऑगस्टमधल्या अमावास्येनंतर दोन दिवसांनी शनिवार येत होता. मुलीने वहीत बघून वेळ काढली: आठ वाजून दहा मिनिटांनी पाणी सगळ्यात खाली जाईल आणि तिथून उलटं फिरेल. मी सगळ्यांना कळवलं, या वेळी एकाच दिवसाचं. पाचातली तीन कुटुंबं आली, बाकीच्यांना माझा अनुभव पुरला होता. बायकोही आली. शाळेला उत्तर द्यायला आठ दिवस उरले होते.

पाणी खरोखर मागे गेलं, जूनपेक्षाही मागे. गुडघाभर पाण्याचा एक पट्टा ओलांडला की पलीकडे वाळूचा लांबलचक उंचवटा उघडा पडला होता. आंटी मुलांना घेऊन तिकडे गेली. माझी मुलगी गेली नाही. तिने वेळा लिहिलेला कागद न बोलता आंटीच्या हातात दिला होता आणि आता अलीकडच्या काठावर वाळूत एक काठी खोचून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं आणि मी दुसरीकडे बघायला लागलो.

आठ दहा झाले. काठीपाशी पाणी थबकलं. मग बोटभर चढलं. मुलगी ताठ झाली. पलीकडे सगळे पाठमोरे, काहीतरी बघण्यात गुंग. मधला पट्टा आधी भरतो हे तिने दोन महिन्यांत स्वतः बघितलं होतं. तिने माझा शर्ट ओढला आणि पलीकडे बोट दाखवलं. मी ओरडावं असं तिला हवं होतं.

माझा आवाज खणखणीत आहे. मी हाक मारली असती तर निम्म्या ईस्ट कोस्टला ऐकू गेली असती. माझं तोंड उघडलंही होतं. पण मी ते मिटलं.

"माझा घसा बसलाय," मी म्हणालो.

चक्क खोटं. पाणी गुडघ्याएवढंच होतं, मी चार पावलांत पोचलो असतो, धोका कुणालाच नव्हता. पण हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. तिने माझ्याकडे अशा रागाने बघितलं की मला माझ्या आईची आठवण झाली. मग स्वतःच्या आईकडे वळून बघितलं. आई समुद्राकडे बघत होती, हातांच्या मुठी आवळून. मुलगी पाण्यात घोट्यापर्यंत धावत गेली.

"आंटी, कम बॅक! वॉटर टर्न ऑरेडी!"

आवाज फाटका आला, खूप दिवस बंद ठेवलेल्या नळासारखा. दुसऱ्यांदा नीट आला. तिसऱ्यांदा इतका मोठा आला की सायकलवरून जाणारी दोन माणसं थांबली. पलीकडे आंटीने मान वळवली, पाण्याकडे बघितलं आणि एक प्रश्नही न विचारता सगळ्या मुलांना हाकत परत आणलं. आंटीच्या धाकट्याच्या मांड्या भिजल्या होत्या.

"हाऊ यू नो?" त्याने माझ्या मुलीला विचारलं.

आणि तिने सांगितलं. काठी दाखवून सांगितलं, वही उघडून सांगितलं, वाळूत काळा आणि पांढरा गोल काढून सांगितलं. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. आंटीचा थोरला मध्येच म्हणाला की त्याच्या फोनवर आठ दहा नाही, आठ पंधरा दाखवतंय.

"युअर फोन से," माझी मुलगी वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाली. "आय मेजर."

आंटी जोरात हसली. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला. तिची नखं रुतली, मी हू की चू केलं नाही. मला त्या क्षणी जग जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि मी त्यात केलेलं एकमेव काम म्हणजे तोंड बंद ठेवणं.

परतीच्या एमआरटीत मुलगी आम्हा दोघांच्या मध्ये बसली आणि बोलायला लागली. पाण्यापासून सुरुवात झाली, तिथून खेकडे, खेकड्यांवरून आंटीचा थोरला किती शहाणपणा करतो ते, त्यावरून मासे झोपतात का, मग चंद्राला दुसरा चंद्र असता तर कॅलेंडर कसं छापलं असतं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, श्वास घ्यायलाही थांबायला तयार नाही. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनाही तिने मध्येच वही दाखवली. चोआ चू कांग अजून अर्ध्या तासावर होतं. बायको आठवडाभराच्या कामाने थकलेली, पहाटे उठलेली. तिने डोळे मिटून घेतले आणि कुठल्याही आईच्या तोंडून निघतं तसं तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई, आता जरा गप्प बस ना."

म्हणाली आणि तिचे डोळे खाडकन उघडले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्षभराहून जास्त काळ हे वाक्य आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती हसतही होती. मुलीचं कुणाकडेच लक्ष नव्हतं.

"थांब ना आई," ती म्हणाली, "अजून संपलं नाही."

बायकोने पर्समधून फोन काढला. डोळे पुसत पुसत शाळेला दोन ओळी लिहिल्या, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून, आणि पाठवून टाकल्या. मग फोन उलटा मांडीवर ठेवून ती मुलीकडे वळली.

"बोल," ती म्हणाली. "मग?"