उचगावातलं हळू गाणं
सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की मला उचगावातलं स्पीकर दुरुस्तीचं एक दुकान आठवतं. गणपती दोन दिवसांवर आले होते आणि आमच्या मंडळाचा छातीएवढा स्पीकर न्यायला मी गेलो होतो. मिस्त्रींनी स्पीकरचा नवा कागदी पडदा चिकटवून वायरी जोडल्या. आता कानठळ्या बसणार म्हणून मी दाराकडं सरकलो, तर त्यांनी लावलं एक इंग्रजी गाणं, इतकं हळू की गाणाऱ्याचा श्वासही ऐकू येत होता. बँड मी लगेच ओळखला. कॉलेजात त्याच्या दणदणीत गाण्यांची बाजू घेऊन मी मित्रांशी भांडायचो. हे गाणं लागलं की मात्र पुढं ढकलायचो. ‘हे कुठनं मिळालं तुम्हाला?’ मी विचारलं. ‘कुणाचं हाय ठाव न्हाय. एक गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह इसरून गेलं, त्यात गावलं. मोठ्या आवाजात खरखर झाकून जाती, पावणं. ह्यात झाकत न्हाय, म्हणून हरेक स्पीकरला हेच लावतो.’ त्यांनी बोट वर केलं. श्वासामागं खरंच बारीक खरखर होती. ‘एवढं हळू आमच्यात कोण लावतंय? द्या की तसाच,’ मी म्हणालो. त्यांनी पडदा काढून पुन्हा बसवला आणि तेच गाणं पहिल्यापासून लावलं. मी स्टुलावर बसून ते प्रथमच शेवटपर्यंत ऐकलं. बँडचं नाव माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. रोज ते गाणं कान देऊन ऐकणारे मिस्त्री त्या बँडचे खरे चाहते की मी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.