राब कुठल्या बाजूने पेटवला?

अकरा वर्षांची असताना मी फार हुशार होते. तेवढी हुशार पुढे कधीच झाले नाही, देवाची कृपा. दुसरी पास होते, सही करता येत होती, आणि त्या उन्हाळ्यात बाने मला पहिल्यांदा राब पेटवू दिला होता. ही बातमी मी विहिरीवर, देवळापाशी आणि पाटलाच्या ओटीवर, कुणी न विचारता सांगून आले होते.

शहापूर आणि मुरबाडच्या सांध्यावर आमचं गाव. भाताचं रोप टाकायची जागा आम्ही आधी शेण, फांद्या, पाला पसरून भाजतो, तो राब. वारा येतो मावळतीकडून, म्हणून राब पेटवायचा उगवतीकडून. मग आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरपटते आणि माती नीट भाजते. वाऱ्याबरोबर सोडली तर वरचा पाला भुरकन जळून जातो, खाली माती कच्चीच. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आमचा राब जळून गार झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडे एका ठेकेदाराने रचून ठेवलेली सागाची लाकडं पेटली. कशाने, ते मला आजही ठाऊक नाही. फौजदार आला, म्हणाला, जवळपास राब कुणी भाजला? मी गावभर दवंडी पिटलेली, त्याला उत्तर शोधावं लागलं नाही.

बाला कचेरीत नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. आयला बाहेर पायरीवर बसवलं आणि मला आत. मला वाटलं होतं, फौजदार ओरडेल. त्याने गूळ-शेंगदाणे पुढे केले.

"खा, बाळ. तुझ्या बापाने सगळं सांगितलंय. म्हणतो, पोरीने पेटवला."

बा असं म्हणाला? माझं नाव घेऊन?

"राब मीच लावला, पन लाकडा नाय जाळली, सायेब."

"राब कुठल्या बाजूने लावलास?"

"उगवतीकडून."

"नीट आठव. मावळतीकडून ना? आग वाऱ्याबरोबर धावली, बांध ओलांडून गेली, धुमसत राहिली."

"मावळतीकडून कोन लावल? येडा?"

तो हसला. पुन्हा तेच विचारलं. पुन्हा. मध्ये पाणी पाजलं, आय काळजीत आहे म्हणाला, पुन्हा विचारलं. "तू लहान आहेस, तुला कोण काय करणार? बाने सांगितलं तसं केलं, एवढं म्हण. संध्याकाळी दोघं घरी जेवाल." किती वेळा विचारलं ते मोजलं नाही. शेवटी मी "हो" म्हटलं, आणि खरंच, एक क्षण मला मावळतीकडे उभी राहिलेली मीच दिसले.

त्याने कागद पुढे केला, अंगठ्यासाठी शाईही. मी ऐटीत म्हणाले, "मना सही येते." टाक घेतला आणि जीभ बाहेर काढून सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. अक्षरं वळणदार आली, त्यातच बाई खूश.

बा संध्याकाळी घरी आला नाही. तीच सही त्याच्यापुढे धरली होती. मामलेदारासमोर तो म्हणाला, "हो सायेब, मीच लावला. मावळतीकडून." मागे गावातले चार शेतकरी उभे होते. मावळतीकडून म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मामलेदार मान खाली घालून लिहीत राहिला. सहा महिन्यांची सजा झाली.

त्या साली लावणी आयने आणि मी केली. पाण्यात वाकून मी मनात बाला शिव्या घालत होते. आधी माझं नाव घेतलंस, आता भोग. बा सुटून आला तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. तोही माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. आय आमच्या मधे निरोप्यासारखी फिरायची.

पुढच्या उन्हाळ्यात राब रचला. बाने वाळल्या गवताची चूड पेटवली. मी मुद्दाम मावळतीच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"हितून लावू का रे, बा? कागदात तसाच हाय ना?"

"तूच सांगितलास तसा," बा म्हणाला. "मीच लावाया सांगितला, आसा बोललीस ना?"

"तू माझा नाव घेतलास आधी!"

"मी? कवा?"

चूड त्याच्या हातात जळत खाली येत होती. "तो बोलला, पोरीनं कबूल केलाय, आता तिला ठाण्याच्या तुरुंगात नेतो. मंग मी आंगठा दिला. तुझा नाव मी घेतलाच नाय गो."

म्हणजे मी वर्षभर बापाशी भांडले ती फौजदाराच्या तोंडच्या एका वाक्यासाठी. फौजदार खोटं बोलला, ते त्याचं काम होतं. पण बाला जन्मापासून ओळखणारी मी, आणि मला ते खोटं पटायला मूठभर शेंगदाणे पुरले.

राब आम्ही उगवतीकडून लावला. पण बामध्ये एक खोड राहिलीच. तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की तो लगेच हो म्हणायचा. भाकर हवी का? नाय. खरंच नको? हो, दे. पोट भरलेलं असलं तरी खायचा. म्हणून घरात त्याला काहीही एकदाच विचारायचं, असं ठरून गेलं.

लग्न होऊन सासरी निघताना मी एकदा तो नियम मोडला. विचारलं, "बा, माझ्यावर राग हाय?"

"नाय गो."

"खरंच नाय?"

"हाय," बा म्हणाला.

तिसऱ्यांदा विचारायचं धाडस मला झालं नाही.