भरावावरचे चंडोल

ऐंशीच्या आसपास आम्ही वाशीत राहायला आलो. सोसायटीमागच्या मुरुमाच्या भरावावर तेव्हा कोरड्या माळावरचे चिमणीएवढे चंडोल असत. नर शीळ घालत आभाळातून सूर मारायचा. दर रविवारी सकाळी मी गॅलरीतून मोजायचो: जितक्या जागांहून शीळ, तितके नर. इमारती वाढल्या, तरी आकडा घटला नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

एकदा बायको म्हणाली, "अहो, शीळ येतेय, मग उडताना कुणी का दिसत नाही?"

मी खाली उतरून सगळा भराव पालथा घातला. एकही चंडोल नव्हता. विजेच्या तारेवर काळा कोतवाल बसून हुबेहूब चंडोलाची शीळ घालत होता. मग तो पलीकडच्या तारेवर गेला आणि शीळ तिथून येऊ लागली.